स्कॉटलंडचे स्वातंत्र्य सार्वमत: परवानगी कोण देते, मत कोणाला?

सार्वमताची मागणी कोणीही करावी, पण ते घेणे एकट्या स्कॉटिश संसदेच्या हातात नाही. ‘स्कॉटलंड ॲक्ट १९९८’ नुसार इंग्लंडशी असलेले ऐक्य हा वेस्टमिन्स्टरचा, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेचा, राखीव विषय आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तसाच निकाल दिला.

मंजुरीचा मार्ग

याच कायद्याच्या कलम ३० खाली आदेश काढून सार्वमत घेण्याचा अधिकार स्कॉटिश संसदेला तात्पुरता देता येतो. ब्रिटिश संसदेची दोन्ही सभागृहे आणि स्कॉटिश संसद यांची मंजुरी लागते, मग प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळात राजाची संमती. मागणीसाठी ठरलेला नमुना नाही. फर्स्ट मिनिस्टरने (स्कॉटिश सरकारच्या प्रमुखाने) ब्रिटिश पंतप्रधानांना पत्र लिहायचे, एवढेच. त्याला कधी आणि कोणत्या निकषांवर उत्तर द्यायचे, हे कायद्यात कुठेच नाही. खरी मेख इथे आहे.

२०११ मध्ये स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीला (एसएनपी) स्कॉटिश संसदेत १२९ पैकी ६९ जागा मिळाल्या. साफ नाही म्हणणे तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान कॅमेरन यांना अवघड होते, आणि जनमत चाचण्यांत ऐक्याची बाजू भक्कम होती. म्हणून त्यांनी धोका पत्करला. ऑक्टोबर २०१२ च्या एडिनबरा करारात त्यांनी स्वातंत्र्य हवे की नको हा एकच प्रश्न ठेवून जादा अधिकारांचा मधला पर्याय कापला. एसएनपीचे फर्स्ट मिनिस्टर सॅल्मंड यांनी तारीख ठरवण्याची मोकळीक आणि १६ वर्षांपासूनच्यांना मताधिकार पदरात पाडून घेतला. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात ५५.३ टक्के ‘नाही’, ४४.७ टक्के ‘हो’. करार झाला तेव्हाच्या अपेक्षेपेक्षा अंतर कमी होते. पुढे थेरेसा मे आणि बोरिस जॉन्सन या पंतप्रधानांनी नव्या सार्वमताचे दार बंदच ठेवले, यात नवल नाही.

मग नकार ठाऊक असताना पत्र का लिहायचे? होकार आला तर सार्वमत, नकार आला तर ‘लंडन आमचे ऐकत नाही’ हा प्रचाराचा मुद्दा. माझ्या मते अर्जदाराचे यात फारसे नुकसान नाही. मात्र हे नाणे कायम चालत नाही. २०२४ च्या ब्रिटिश निवडणुकीत एसएनपी स्कॉटलंडमधल्या ५७ पैकी ९ जागांवर आली.

मतदार म्हणून पात्रता

२०२० च्या सार्वमत कायद्यानुसार वय किमान १६ आणि स्कॉटलंडमधल्या स्थानिक निवडणुकांच्या मतदारयादीत नाव हवे. वास्तव्य महत्त्वाचे, जन्मस्थान नाही. ग्लासगोत शिकणारा भारतीय विद्यार्थी राष्ट्रकुल नागरिक म्हणून मत देऊ शकतो. एडिनबरात जन्मून लंडनला स्थायिक झालेल्याला मत नाही. इतर परदेशी नागरिकांनाही वैध वास्तव्य परवान्यावर नोंदणी करता येते.

कागदपत्रे

नोंदणी ऑनलाइन, मोफत. नाव, पत्ता, जन्मतारीख, नागरिकत्व आणि नॅशनल इन्शुरन्स (ब्रिटनची सामाजिक विमा योजना) क्रमांक द्यावा लागतो. क्रमांक नसेल तर ओळखीचा दुसरा पुरावा मागितला जाऊ शकतो. २०१४ मध्ये केंद्रावर ओळखपत्र लागले नाही, पोल कार्डही (मतदाराला टपालाने येणारे सूचनापत्र) सक्तीचे नव्हते. नाव यादीत असेल तर सार्वमतासाठी वेगळा अर्ज नको. घर बदलले असेल तर मात्र नव्या पत्त्यावर पुन्हा नोंदणी करावी लागते.