ॲक्युपंक्चर आणि पचनमार्गाची हालचाल

शरीरावरच्या ठराविक बिंदूंत बारीक सुया टोचण्याची चिनी उपचारपद्धती म्हणजे ॲक्युपंक्चर. जठर आणि आतड्यांच्या हालचालीवर तिचा परिणाम होतो तो मुख्यतः मज्जातंतूंच्या प्रतिक्षिप्त क्रियेतून. संप्रेरकांविषयीचे दावे मात्र पारखूनच घ्यावे लागतात.

जुलै १९७१ मध्ये अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांचे पेकिंगमध्ये (आजचे बीजिंग) अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. भूल नेहमीच्या इंजेक्शनानेच दिली होती. सुया आल्या त्या नंतर, पोट फुगून तगमग सुरू झाल्यावर: उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली. पोटाजवळ जळत्या औषधी वनस्पतीचा शेकही दिला. तासाभरात पोट उतरले. श्रेय सुयांचे, शेकाचे की नुसत्या वेळेचे, हे एका रुग्णावरून ठरत नाही. पण पाश्चात्त्य जगात या पद्धतीचे कुतूहल जागवण्यात त्यांच्या लेखाचा मोठा वाटा होता.

गुडघ्याखालचा प्रसिद्ध बिंदू त्सूसान्ली. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे उतरून नडगीच्या कडेपासून बोटभर बाहेर दाबले की मांसल जागा लागते, तीच ही. सुई नीट बसली की तिथे जडपणा येतो, ठणका पसरतो.

पोटाच्या तक्रारीला सुई पायात का, याचे उत्तर जपानमधील सातो आणि सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या उंदरांवर १९९३ मध्ये शोधले. पोटावर टोचल्यास जठर शिथिल होई. हा संदेश मज्जारज्जूतूनच पचन मंदावणाऱ्या अनुकंपी तंत्रिकांकडे (मज्जातंतूंकडे) वळत होता. मागच्या पंजावर टोचल्यास जठराचे आकुंचन वाढे, पण त्यासाठी संदेश मेंदूपर्यंत जाऊन, मेंदूतून जठराकडे येणाऱ्या व्हेगस तंत्रिकेने परतावा लागे. म्हणजे सुई कुठे टोचली यावर परिणामाची दिशाच बदलते.

गॅस्ट्रिन, मोटिलिन, घ्रेलिन, कोलेसिस्टोकायनिन ही संप्रेरके सुयांनी कमीजास्त होतात, असे अनेक अभ्यास सांगतात. यात मोटिलिनची गोष्ट निराळी आहे. हे २२ ॲमिनो आम्लांचे संप्रेरक लहान आतड्याच्या वरच्या भागातून स्रवते आणि रिकाम्या पोटी साधारण दर दीड तासाने आकुंचनाची लाट उठवायला मदत करते. पोटात कावळे कोकलतात त्यामागे हीच लाट. पण उंदीर-घुशींमध्ये मोटिलिनचे जनुक निकामी झालेले असते. त्यामुळे उंदरांच्या रक्तात ‘मोटिलिन वाढले’ असे निष्कर्ष वाचताना चाचणीने नेमके काय मोजले, हे आधी विचारलेच पाहिजे.

रुग्णांवरचा पुरावा विकारागणिक वेगळा आहे. ऑपरेशननंतरच्या आणि केमोथेरपीच्या मळमळीवर मनगटाजवळचा नेइग्वान बिंदू वापरतात. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने या दोन्हींवरील ॲक्युपंक्चरची उपयुक्तता मान्य केली. चीनमध्ये जुनाट, तीव्र बद्धकोष्ठाच्या १,०७५ रुग्णांवर सुयांतून सौम्य वीजप्रवाह देऊन आठ आठवडे उपचार झाले. आठवड्यात सरासरी तीनदा तरी पूर्ण पोट साफ होण्याचे प्रमाण खऱ्या उपचाराच्या गटात ३१.३ टक्के, तर भलत्या जागी उथळ सुया टोचलेल्या गटात १२.१ टक्के होते (२०१६). याउलट क्षोभक आतड्याच्या विकारात (आयबीएस) खऱ्या आणि लटक्या सुयांमध्ये फरक दिसला नाही, असे वैद्यकीय चाचण्या एकत्र पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात आढळले.