फोटो टीव्हीवर का फाटतो?

संक्रांतीची गड्डा यात्रा उरकली की सोलापुरात पुढचे काही दिवस घरोघरी फोटोंचे असतात. पांढऱ्या बाराबंदीतले पुतणे, पेललेला नंदीध्वज, होमाच्या दिवशीची गर्दी, शोभेचं दारूकाम. फोनवर सगळं झकास दिसतं. तेच फोटो हॉलमधल्या टीव्हीवर लावले की चौकोन-चौकोन दिसतात आणि कुणीतरी म्हणतंच, "फाटायलाय की फोटो. टीव्हीच बोगस दिलाय दुकानदारानं."

यंदा त्यात एक नवी भर पडली. ओळखीच्या एका घरी आजोबांचा तलावाकाठचा फोटो टीव्हीवर लागला आणि त्यांच्या डोक्याभोवती बारीक, उजळ कड दिसली. फोनवर ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. हे तेजोवलयच, असं घरात एकमत झालं आणि टीव्हीचा फोटो काढून तो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलासुद्धा. फाटलेला फोटो आणि हे तेजोवलय यांची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत आणि त्यांच्या तळाशी एक गणित आहे. ते मला इतकं आवडतं की बराचसा लेख मी त्यावरच खर्च करणार आहे. रिमोटची बटणं शेवटी बघू.

आधी टीव्हीवरचा आळ दूर करू. ४के टीव्हीच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. फुल एचडीवर त्याच्या चौथाई, २१ लाखांच्या आसपास. १२ मेगापिक्सेलच्या फोनने काढलेल्या फोटोत ४००० गुणिले ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख. मूळ फोटोत टीव्हीला दाखवता येईल त्याहून जास्तच माल आहे.

आता डोळ्याचं बघा. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातला तपशील वेगळा ओळखता येतो. ४३ इंची ४के पडद्यावरचा एक ठिपका पाव मिलिमीटरचा असतो. शाळेतली त्रिकोणमिती वापरली तर उत्तर येतं की ८५ सेंटिमीटरच्या पलीकडे गेल्यावर शेजारचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. फुल एचडीसाठी हेच अंतर १.७ मीटर. आपण बसतो दहा फुटांवर. त्या अंतरावरून ४३ इंचीत ४के आणि फुल एचडीच्या ठिपक्यांतला फरक दाखवतो म्हणणाऱ्या विक्रेत्यासमोर मोजपट्टी ठेवावी. ८केबद्दल तर बोलायलाच नको.

त्याहून गंमत अशी, की दहा फुटांवरचा ४३ इंची टीव्ही डोळ्याच्या लेखी हातातल्या फोनपेक्षा मोठा नसतोच. उभ्या धरलेल्या फोनवर आडवा फोटो सात सेंटिमीटर रुंद दिसतो, डोळ्यापासून तीस सेंटिमीटरवर. टीव्हीवर तोच फोटो ७१ सेंटिमीटर रुंद, तीन मीटरवर. दोन्ही गुणोत्तरं काढा, जवळपास सारखीच येतात. तरीही टीव्हीवरचा फोटो वाईट दिसतो, याची साधी कारणं दोन. एक म्हणजे ओळखीचा चेहरा दिसला की माणसं उठून टीव्हीजवळ जातात. दुसरं म्हणजे फोनमध्ये आपण स्वतः काढलेली मूळ फाइल बघत असतो आणि टीव्हीवर पोचलेली असते ती ग्रुपवरून आलेली प्रत. त्या दोन वेगवेगळ्या फाइली आहेत. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर आणली जाते. १ कोटी २० लाखांचे झाले १९ लाख. आणि उरलेल्यांनाही पुन्हा दाबून बसवलं जातं.

हे दाबून बसवणं म्हणजेच जेपीईजी. कच्चा हिशोब केला तर प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे तीन बाइट लागतात. आपला १२ मेगापिक्सेलचा फोटो ३६ एमबीचा व्हायला हवा. फोनमध्ये तो बहुधा तीन-चार एमबीचाच असतो. बाकीचे बत्तीस गेले कुठे?

पहिली कात्री रंगावर चालते. डोळा उजेडातले बारकावे नीट टिपतो, रंगातले तितकेसे नाही. म्हणून तीन रंगांच्या आकड्यांचं रूपांतर एक उजेडाचा आणि दोन रंगफरकाचे, अशा तीन आकड्यांत करतात. मग दोन्ही रंगफरक चार-चार ठिपक्यांमागे एकच ठेवतात. चार ठिपक्यांना बारा आकडे लागत होते, आता सहा पुरतात. निम्मी फाइल गेली आणि कुणाला कळलंही नाही. अगदी जवळ जाऊन पाहिलं तर लाल साडीची किनार शेजारच्या रंगात किंचित सांडलेली दिसते, एवढंच.

खरी करामत पुढे आहे. फोटोचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. एका चौकोनात ६४ ठिपके, उजेडाचे ६४ आकडे. हे आकडे सुटेसुटे नसतात, शेजारी एकमेकांसारखे असतात. आभाळाशेजारी आभाळ, शर्टाशेजारी शर्ट. समजा दोन शेजाऱ्यांचे आकडे १५० आणि १५४ आहेत. त्याऐवजी मी "सरासरी १५२, फरक दोन वर-खाली" असं लिहिलं, तरी माहिती तीच राहिली. पण आता महत्त्वाचा आकडा एक आणि किरकोळ आकडा एक, अशी वाटणी झाली. हीच युक्ती ६४ आकड्यांवर चालवायची.

त्यासाठी ६४ ठरावीक नमुने वापरतात. सोलापुरी चादरींचा ढीग डोळ्यांपुढे आणा. पहिली अगदी कोरी, एकरंगी. दुसरीवर एका कडेकडून दुसरीकडे उतरत गेलेली छटा, पुढच्यांवर उभे पट्टे, मग आडवे, मग चौकडी, आणि ती चौकडी बारीक होत होत शेवटी बुद्धिबळाच्या पटाएवढी दाट. आता या ६४ चादरी पारदर्शक आहेत आणि प्रत्येकीचा रंग हवा तेवढा गडद-फिका, अगदी उलटासुद्धा करता येतो असं धरा. एकावर एक रचल्या की फोटोतला कुठलाही चौकोन हुबेहूब तयार होतो. डोळ्याची बाहुली, गवताचं पातं, काहीही. जेपीईजी ठिपके साठवत नाही. कुठली चादर किती गडद, ते ६४ आकडे साठवतो.

हे नमुने कोसाइन लाटांचे असतात. चित्र लाटांत मोडायचं साधं फूरिए गणित का नाही, हा प्रश्न रास्त आहे. फूरिएचं गणित असं गृहीत धरतं, की चौकोन संपला की तोच चौकोन पुन्हा सुरू होतो. डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं असेल, तर पांढऱ्याला लागून एकदम काळं येतं. ही खोटी उडी भरून काढायला पुष्कळ बारीक लाटा खर्ची पडतात. कोसाइन रूपांतरात चौकोन कडेला आरशासारखा उलटतो. पांढऱ्याला लागून पांढरंच येतं, उडी नाहीशी होते आणि बहुतेक माहिती पहिल्या थोड्या नमुन्यांत गोळा होते. सगळी जादू या आरशात आहे. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर खुशाल सोडून द्या, पुढे अडणार नाही.

ही कल्पना नासिर अहमद यांची. जन्म बेंगळुरूचा, पुढे अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात प्राध्यापक. १९७२ मध्ये त्यांनी या कामासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो नाकारला गेला, कारण कल्पना फारच सोपी वाटली! ते थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा छोटासा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. जेपीईजीचं प्रमाण १९९२ मध्ये ठरलं, त्याच्या गाभ्यात हेच गणित आहे. टीव्हीवर येणाऱ्या डिजिटल व्हिडिओच्या पोटातही याच गणिताची भावंडं आहेत.

पण थांबा, ६४ आकड्यांचे ६४च आकडे झाले. बचत कुठे झाली? ती पुढच्या पायरीवर होते आणि फोटो फाटतो तोही तिथेच. प्रत्येक आकड्याला एका तक्त्यातल्या संख्येने भागायचं आणि उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणायचं. जेपीईजीच्या प्रमाणात दिलेल्या नमुना तक्त्यात कोऱ्या चादरीसाठी भाजक १६ आहे आणि सर्वांत बारीक चौकडीसाठी ९९. कोऱ्या चादरीचा आकडा ६०० असेल तर ३७.५ येतात, त्याचे ३८ होतात. परत गुणल्यावर ६०८. फारसं बिघडलं नाही. बारीक चौकडीचा आकडा ३० असेल तर ०.३, म्हणजे शून्य. ती चादर ढिगातून गेली, कायमची. ६४ पैकी बहुतेक आकडे असे शून्य होतात आणि "इथून पुढे सगळी शून्यं" एवढं लिहायला जागा किती लागणार?

फाइल आणखी लहान करायची तर भाजक वाढवायचे. मग काही चौकोनांत फक्त कोरी चादर उरते. आठ बाय आठचा अख्खा तुकडा एकरंगी, शेजारचा दुसऱ्याच छटेचा, मध्ये सरळ रेघ. फाटलेल्या फोटोतले चौकोन हेच. १६०० ठिपक्यांचा आडवा फोटो ४३ इंची पडद्यावर भरला, की असा एक चौकोन साडेतीन मिलिमीटरचा होतो. टीव्हीजवळ उभ्या असलेल्या माणसाला तो दिसणारच.

आणि तेजोवलय? काळं डोकं आणि उजळ आभाळ यांमधली कड तीक्ष्ण असते. ती उभी करायला सगळ्या बारीक चौकड्या लागतात. त्या काढून टाकल्या की उरलेल्या लाटा एकमेकींना पुरत्या खोडू शकत नाहीत आणि कडेच्या आजूबाजूला हलक्या लहरी उरतात, आभाळाच्या बाजूला उजळ. त्यावर टीव्ही आपली हुशारी चालवतो. त्याचं शार्पनेस नावाचं सेटिंग प्रत्येक कडेची अंधारी बाजू आणखी अंधारी आणि उजळ बाजू आणखी उजळ करतं. मग डोक्याभोवती ठसठशीत पांढरी रेघ उमटते. तीच रेघ त्या फोटोतल्या विजेच्या खांबालाही होती. खांबाच्या पुण्याईबद्दल कुणी बोललं नाही. यात्रेतल्या रात्रीच्या फोटोंत दिसणारे "दिव्य गोळे" हेही असेच. फ्लॅशचा उजेड कॅमेऱ्याजवळच्या धुळीच्या कणांवरून परत येतो आणि कण जवळ असल्यामुळे धूसर, गोल दिसतो. जानेवारीत होम मैदानावर धुळीला तोटा नसतो.

एक गैरसमज उलट्या बाजूचाही आहे, की डिजिटल फोटो कॉपी करून करून झिजतो. पेन ड्राइव्हवर हजार वेळा कॉपी केला तरी एक बिट बदलत नाही. झिजतो तो पुन्हा दाबल्यावर. त्यातही स्क्रीनशॉट काढून, कापून परत पाठवणं सर्वांत वाईट, कारण नवे आठ बाय आठचे चौकोन जुन्या चौकोनांवर बसत नाहीत. जुन्या भेगा नव्या चौकोनांच्या पोटात जातात आणि त्या भेगांनाच तपशील समजून जागा खर्च होते.

तेव्हा फोटो ग्रुपवरून टीव्हीवर नेऊ नका. ज्याने काढला त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी येते. पेन ड्राइव्ह तर उत्तमच. वाय-फायवरून दाखवायचा असेल तर स्क्रीन मिररिंगपेक्षा कास्ट बरं. मिररिंगमध्ये फोनचा पडदाच व्हिडिओसारखा दाबून पाठवला जातो, कास्टमध्ये फोटो टीव्हीकडे जातो. टीव्हीचा पिक्चर मोड 'व्हिविड'वरून काढून 'सिनेमा'वर न्या आणि शार्पनेस जवळजवळ शून्यावर. सुरुवातीला चित्र मऊ वाटेल, पण तेजोवलय विझेल. उभ्या फोटोच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, त्या राहू द्या. झूम केलंत तर वरची डोकी आणि खालचे पाय कापले जातात.

आयफोनवाल्यांचा फोटो पेन ड्राइव्हवरून उघडतच नसेल तर तो बहुधा एचईआयसी प्रकारचा असतो. २०१७ पासून आयफोन हा प्रकार वापरतात, पण पुष्कळ टीव्हींना तो वाचता येत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवडलं की यापुढचे फोटो जेपीईजीत निघतील. आधी काढलेले मात्र वेगळे बदलून घ्यावे लागतील.