हाडात रुतलेले आटे

दाढ काढून सात वर्षं झाली होती. वरची, उजवीकडची, मागची. दिसत नाही, दुखत नाही, मग घाई कशाला, म्हणून जागा तशीच राहिली आणि मी मुकाट्याने डाव्या बाजूने चावायला शिकलो. शेवटी इम्प्लांटची, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायच्या दाताची, चौकशी करायला गेलो, तेव्हा डॉक्टरबाईंनी स्कॅन पडद्यावर लावला आणि पेनाच्या टोकाने एक मोठी काळी पोकळी दाखवली. "हा तुमचा सायनस, नाकाला जोडलेली हवेची पोकळी. आणि त्याच्याखाली ही पांढरी पट्टी दिसतेय ना, तेवढंच हाड उरलंय. तीन मिलिमीटर." टेबलावरच्या नमुन्यातला स्क्रू दहा मिलिमीटरचा होता.

बाकीचं हाड गेलं कुठे? जबड्याच्या हाडाचा दाताला धरून ठेवणारा काठ दाताच्या जिवावर जगतो. आपण चावतो तेव्हा मुळाभोवतीचे बारीक तंतू हाडाला ओढ देत राहतात. दात गेला की ती ओढ थांबते आणि शरीर ते हाड मोडीत काढतं. दाढ काढल्यावर वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. वरच्या दाढांच्या बाबतीत दुखणं दुहेरी. खालून काठ झिजतो आणि वरून सायनसची पोकळी पसरत खाली येते. मी सात वर्षं 'घाई कशाला' म्हणत होतो, तेव्हा तिथे हे चाललं होतं.

स्क्रू हाडात टिकतो कसा, हे कळलं ते एका सशामुळे. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक १९५२ च्या सुमाराला हाडातला रक्तपुरवठा पाहायला सशाच्या पायात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवत. काम झाल्यावर ते काढायला गेले तर निघेचना. हाड धातूला चिकटून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षांवर, ते स्क्रू कामाला येत होते. पण चिकटायला मुळात हाड हवं. ते नसेल तर आधी तयार करावं लागतं. त्याला आपल्याकडे सरसकट 'बोन ग्राफ्ट' म्हणतात आणि पेशंट 'हाडाची पावडर' म्हणतात.

पावडरीवरून क्लिनिकमध्ये एक अवघडलेला क्षण आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही गाईच्या हाडापासून केलेली असते. चालेल ना? नसेल चालत तर कृत्रिम आहे." प्रश्न बरोबर होता आणि आधी विचारला हे फार बरं झालं. गाईच्या हाडातलं सगळं सेंद्रिय द्रव्य उष्णतेने आणि रसायनांनी काढून टाकतात, उरतो तो फक्त खनिजाचा सच्छिद्र सांगाडा. कृत्रिम पर्याय कॅल्शियम फॉस्फेटचे. त्यांतले काही लवकर विरघळतात. स्वतःच्या हनुवटीतून किंवा अक्कलदाढेच्या मागून घेतलेलं हाड सगळ्यांत सरस मानलं जातं, कारण त्यात जिवंत पेशी असतात. पण त्यासाठी दुसरी जखम सोसावी लागते, आणि तेही काही प्रमाणात झिजतंच. मी गाईचं निवडलं. आईला सांगितलं नाही.

कुपीतले दाणे खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे दिसत होते. त्यांत माझंच रक्त मिसळल्यावर त्याचा भिजवलेल्या जाड रव्यासारखा गोळा झाला. सायनसच्या तळाला एक पातळ पडदा असतो, मिलिमीटरपेक्षाही नाजूक. हाडात छोटी खिडकी करून तो पडदा न फाडता हळूहळू वर सरकवायचा आणि खाली झालेल्या जागेत हे दाणे भरायचे. शिकाऊ डॉक्टर याचा सराव कच्च्या अंड्यावर करतात: कवच खरवडायचं, आतला पापुद्रा शाबूत ठेवायचा. खिडकीवर मग एक आवरण घालतात, कारण हिरडीची पेशी हाडाच्या पेशीपेक्षा चपळ असते. मोकळी सोडली तर ती आधी घुसून जागा बळकावते. घरी पाठवताना सूचना एकच, पण बजावून: नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून.

त्यानंतर सहा-आठ महिने बाहेरून काहीच घडत नाही. आत रक्तवाहिन्या दाण्यांमध्ये शिरतात आणि त्यांच्या मागोमाग हाड तयार करणाऱ्या पेशी येतात. गंमत म्हणजे दाणे पुरते नाहीसे होतातच असं नाही. ११ वर्षांनंतर तपासलेल्या नमुन्यांतही गाईच्या हाडाचे कण नव्या हाडात गुंफलेले आढळले आहेत. त्याने बिघडत काही नाही. काँक्रीटमध्ये खडी असते तसे ते तिथे असतात.

आता आकड्यांकडे. सायनसमध्ये ग्राफ्ट करून बसवलेल्या इम्प्लांटवरच्या अभ्यासांचा एक मोठा एकत्रित आढावा २००८ मध्ये निघाला. त्यात तीन वर्षांनी टिकलेले इम्प्लांट सरासरी ९० टक्के भरले. पण खरखरीत पृष्ठभागाचे स्क्रू आणि खिडकीवर आवरण, असे वेगळे काढले तर आकडा ९८ वर गेला. जुने गुळगुळीत स्क्रू सरासरी खाली ओढत होते. आज बाजारात मिळतात ते बहुतेक खरखरीतच. लांब पल्ल्याचंही पाहा: स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात हाड भरून आवरण घातलेले इम्प्लांट १२ ते १४ वर्षांनी ९२-९३ टक्के टिकले होते, आणि ज्यांना ग्राफ्टची गरज पडली नव्हती ते ९४-९५ टक्के. फरक आहे, पण घाबरण्याजोगा नाही. तयार केलेलं हाड एकदा जमलं की मूळच्या हाडासारखंच ओझं वाहतं.

मात्र 'टिकला' आणि 'यशस्वी झाला' यांत गल्लत होते, आणि जाहिरातींच्या पाट्यांवर ती सोयीस्करपणे होते. स्क्रू तोंडात आहे, म्हणजे टिकला. १९८६ मध्ये अल्ब्रेक्टसन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यशाची पट्टी वेगळी आखली: हलता कामा नये, दुखता कामा नये, आणि पहिलं वर्ष सोडलं तर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी हवी. या पट्टीने मोजलं की टक्केवारी खाली येते. शिवाय अभ्यासात मोजले जातात ते तपासणीला परत येणारे. ज्याचा स्क्रू निघाला आणि जो रागाने दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, तो त्या टक्क्यांत नसतो.

मला स्वतःला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला तो स्वीडनचा २०१६ चा अभ्यास, कारण तो एखाद्या नामांकित क्लिनिकचा नव्हता. देशभरातल्या साध्या पेशंटांना बोलावून केलेला होता. नऊ वर्षांनी १४.५ टक्के लोकांच्या इम्प्लांटभोवती सूज आणि दोन मिलिमीटरपेक्षा जास्त झीज होती. हे ग्राफ्ट फसल्यामुळे नव्हे, तर हिरडीच्या दुखण्यामुळे. नैसर्गिक दाताभोवती हिरडीचे तंतू दाताच्या मुळामध्ये आडवे शिरलेले असतात, बंधाऱ्यासारखे. टायटॅनियमभोवती ते नुसते समांतर वेढून असतात. जंतूंचा थर साचला तर खाली उतरायला वाट मोकळी, आणि हाडाची झीज दुखत नाही.

म्हणून ज्यांचे दात मुळात हिरडीच्या आजाराने गेले, त्यांचा धोका इम्प्लांट घातल्याने संपत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ग्राफ्टला रक्तपुरवठा अपुरा पडतो. मधुमेहात तीन महिन्यांची शुगर आटोक्यात असेल तर फारशी अडचण येत नाही, नसेल तर जखम भरण्यापासूनच अडचणींना सुरुवात. आपल्याकडची खास भर म्हणजे गुटखा आणि सुपारी. त्याने गालाचं आतलं अस्तर आवळून तोंड दोन बोटंही उघडेनासं झालेला पेशंट इम्प्लांटच्या हत्याराला जागाच देऊ शकत नाही. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षाकाठी इंजेक्शन घेणाऱ्या बायकांनी ते दातांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावं. विचारलं नाही तरी सांगावं.

माझ्या स्क्रूला आता चार वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी साफसफाई, वर्षातून एकदा एक्स-रे. डॉक्टरबाई फोटो मोठा करून हाडाच्या काठापासून वरपर्यंत स्क्रूचे आटे मोजतात. परवा मोजले, तेव्हा पहिला आटा थोडा उघडा होता, मागच्या वर्षी होता तेवढाच. "रात्री धागा फिरवताय ना दातांत?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी हिरडीत बारीक पट्टी घातली, रक्ताचा एक ठिपका आला, आणि त्यांनी तो मला आरशात दाखवला.