वजरीखाली निघते ती कातडी

अंघोळ करताना वजरीने टाच घासली की पांढरट वळ्या निघतात. आपण त्याला मळ म्हणतो, पण त्यातला बराचसा भाग आपली स्वतःचीच मेलेली कातडी असते.

बाह्यत्वचेच्या तळाशी पेशी सतत जन्माला येतात आणि आधीच्या पेशींना वर रेटतात. वर सरकता सरकता त्यांच्यात केराटिन हे चिवट प्रथिन भरतं. नखं आणि केसही त्याचेच. मग पेशींतलं केंद्रक विरतं, त्या चपट्या होतात आणि पृष्ठभागाशी पोचेपर्यंत मरतात. हा प्रवास साधारण चार आठवड्यांचा. मेल्यावरच त्यांचं खरं काम सुरू होतं. विटांसारख्या रचलेल्या या पेशी आणि मधल्या फटींत स्निग्ध पदार्थांचा गिलावा, अशी ही भिंत शरीरातलं पाणी आत आणि जंतू बाहेर ठेवते. पापणीवर बाह्यत्वचा मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी पातळ, तर तळपायावर सुमारे दीड मिलिमीटर जाड. मोठं भाजलं की ही भिंतच जाते, म्हणून डॉक्टर जंतुसंसर्गाला इतके घाबरतात.

तळच्या थरातच मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी असतात. त्या हे रंगद्रव्य शेजारच्या पेशींना पुरवतात आणि तिथे ते केंद्रकावर, उन्हाच्या बाजूला, इरल्यासारखं पांघरलं जातं. आतल्या डीएनएला अतिनील किरणांपासून आडोसा मिळतो. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक मेलॅनिन किती आणि कोणतं बनतं, याचा. हे संरक्षण घालवण्यासाठी आपल्याकडे मुलींच्या चेहऱ्याला काय काय फासलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

खालची अंतस्त्वचा कोलॅजेनच्या धाग्यांनी विणलेली. कोल्हापुरी चपलेचं चामडं म्हणजे जनावराची हीच त्वचा, वरचा थर आणि केस काढून कमावलेली. आपल्या अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या आहेत, चेतातंतू आहेत, आणि अंगभर मिळून वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतो. वाळला तरच, हे महत्त्वाचं. नागपूरच्या कोरड्या उन्हात तो झटकन उडतो. मुंबईच्या दमट हवेत नुसता ओघळतो आणि जीव कासावीस होतो.

आणि धुणं धुताना बोटं सुरकुततात, ती केवळ पाणी मुरल्यामुळे नाही. मेंदूकडून आलेल्या चेतातंतूंच्या हुकमाने बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वरची कातडी आत ओढली जाते. ज्या बोटाचे चेतातंतू तुटले आहेत, ते कितीही वेळ पाण्यात ठेवलं तरी फारसं सुरकुतत नाही.