रिट्रीव्हर पिल्लाची बदकांच्या पहिल्या हंगामासाठी तयारी

छर्रा लागून पाण्यात किंवा पाणकणसांच्या गर्दीत पडलेले बदक शोधायचे, ते दातांनी न फोडता तोंडात धरायचे आणि शिकाऱ्याच्या हातात आणून द्यायचे, हे रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्यांचे मूळ काम. या कामासाठी पिल्लाला साधारण सात आठवड्यांच्या वयापासून पहिल्या हंगामापर्यंत जे टप्प्याटप्प्याने शिकवले जाते, त्याचे वर्णन या नोंदीत आहे. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा येथील आहे.

शिकारीच्या पहाटे पिल्लापुढे काय काय येते ते मोजले, तर यादी लांबते: काळोख, थंडी, हलणारी नाव, तरंगणारी नकली बदके, बदकांना बोलावण्याच्या पिपाण्या, अनोळखी माणसे, तासभर काहीच न घडणे, मग डोक्याजवळ बंदुकीचा धडाका, आणि शेवटी उबदार, फडफडणारा, रक्ताचा वास येणारा पक्षी. यांतली प्रत्येक गोष्ट आधी एकेकटी, दिवसाउजेडी दाखवायची आणि नंतर दोन-दोन करून जोडायची, यातच सगळे प्रशिक्षण आले. पहिल्या हंगामात बिघडलेल्या पिल्लांचा इतिहास विचारला, तर बहुतेक वेळा एकाच दिवशी दोन-तीन नव्या गोष्टी अंगावर आल्याचे निघते.

जाती आणि कायदा : सर्वांत प्रचलित लॅब्रॅडॉर. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांकडचे पाणकुत्रे. ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला १९०३ मध्ये आणि अमेरिकन केनेल क्लबने १९१७ मध्ये मान्यता दिली. चेसापीक बे रिट्रीव्हरची परंपरा १८०७ मध्ये मेरिलंडच्या किनाऱ्याजवळ बुडणाऱ्या जहाजातून वाचवलेल्या ‘सेलर’ आणि ‘कॅन्टन’ या दोन पिल्लांपर्यंत नेली जाते. हा कुत्रा थंड पाण्याला काटक, पण स्वभावाने हट्टी. गोल्डन रिट्रीव्हर स्कॉटलंडचा. त्याच्या लांब केसांत गोखरू आणि कुसळे अडकतात, म्हणून दलदलीत त्याची निगा जास्त. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार पाडलेला पक्षी मिळवण्याचा वाजवी प्रयत्न करणे शिकाऱ्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे चांगला कुत्रा ही केवळ हौस राहत नाही.

भारतात चित्र उलटे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली, विशेषतः १९९१ च्या दुरुस्तीनंतर, वन्य पक्ष्यांची हौशी शिकार बंद आहे. ‘शिकार’ या शब्दाच्या कायदेशीर व्याख्येत पाठलाग करणे आणि हाकणेही येते. म्हणून उजनी किंवा नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर बदकांमागे लॅब्रॅडॉर सोडणे ही गंमत नव्हे. त्याच जातीचे नाक आणि वस्तू शोधण्याची ओढ इथे पोलिसांच्या श्वानपथकांना उपयोगी पडली. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांचा ‘झंजीर’ प्रसिद्ध झाला, तो लॅब्रॅडॉरच होता. खाली दिलेल्या पहिल्या चार महिन्यांच्या सवयी मात्र पुण्यातल्या फ्लॅटमधल्या पिल्लालाही जशाच्या तशा लागू पडतात.

वयाचे गणित : उत्तरेकडील संस्थानांत बदकांचा हंगाम सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात उघडतो, दक्षिणेत तो जानेवारीच्या शेवटापर्यंत चालतो. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेले पिल्लू ऑक्टोबरात आठ-नऊ महिन्यांचे होते, आणि हे वय जेमतेम पुरते. मे-जूनमधल्या पिल्लाला तो हंगाम घरी ठेवणे शहाणपणाचे. सहा महिन्यांचे पिल्लू बदक आणते हे खरे, पण तेवढ्यावरून त्याला लपणात, म्हणजे शिकारी दबा धरून बसतो त्या आडोशात, नेणे म्हणजे कोवळा आंबा तोडून अढीत घालण्यासारखे आहे. पिकला तरी गोडी कमीच.

घरातले महिने : आठव्या ते सोळाव्या आठवड्यात शिकवणी म्हणावी असे फार काही नसते. दोन्ही बाजूंच्या खोल्यांची दारे लावून बोळात बसायचे आणि गुंडाळलेला मोजा किंवा रंगाच्या रोलरचा मऊ तुकडा दोन-तीन मीटर टाकायचा. पळून जायला वाट नसल्याने पिल्लू माणसाकडेच परत येते आणि ‘आणणे म्हणजे परत येणे’ ही सवय न सांगता लागते. आल्याबरोबर तोंडातून वस्तू हिसकावू नये. छातीशी धरून क्षणभर कौतुक करावे, मग घ्यावी. रोज तीन-चार फेका पुरे, आणि पिल्लू आणखी मागत असतानाच थांबावे. दोरीची ओढाओढ खेळू नये. त्यातून दाबून धरण्याची खोड लागते आणि पुढे बदकाच्या बरगड्या मोडतात. अशा कुत्र्याला ‘कडक तोंडाचा’ म्हणतात. खोड पक्की झाली की ती काढणे फार अवघड.

चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडतात. हिरड्या दुखत असताना कडक बंपर (पक्ष्याऐवजी सरावात टाकायची लांबट नळकांडी) दिला, तर पिल्लू वेदना आणि बंपर यांची सांगड घालते आणि उचलायलाच नकार देते. हा काळ ‘बस’, ‘ये’ आणि डाव्या पायाशी चालणे यांसाठी वापरावा. शिट्टीची भाषा याच वेळी: एक लांब फुंकर म्हणजे बस, लागोपाठ तुटक फुंकरा म्हणजे परत ये. जेवणाचे भांडे ठेवताना परत येण्याची शिट्टी वाजवली, तर पंधरा दिवसांत ती अंगात मुरते.

दात आल्यावर ‘होल्ड’ म्हणजे धरून ठेवणे शिकवतात. हातमोजा घातलेली बोटे किंवा लाकडी दांडी तोंडात देऊन हनुवटीखाली हलकेच आधार द्यायचा; पाच सेकंदांपासून सुरुवात करून मिनिटभर, मग तोंडात धरून चालणे, वळणे, बसणे. अमेरिकेत याच्या पुढे कान चिमटून सक्तीने उचलायला लावण्याची पद्धत प्रचलित आहे, तर ब्रिटिश परंपरेत ती सहसा वापरत नाहीत. नवख्या माणसाने ‘होल्ड’वर थांबावे. अर्धवट सोडलेली सक्ती ही न केलेल्या सक्तीपेक्षा वाईट. विजेच्या गळपट्ट्याचेही तसेच. वेल्समध्ये त्याच्या वापरावर २०१० पासून बंदी आहे. जिथे परवानगी आहे तिथेही, कुत्र्याला आधीपासून पक्की येणारी आज्ञा दुरून मजबूत करण्यापुरताच तो वापरतात. नवी आज्ञा त्याने शिकवली, तर कुत्र्याला झटका कशाबद्दल बसला हे कळत नाही आणि तो समोरच्या तळ्यालाच दोष देतो.

पाणी : पहिले पाणी कोमट, उथळ आणि मंद उताराचे हवे. माणसाने स्वतः घोट्याएवढ्या पाण्यात शिरावे, पिल्लू मागून येते. पोहायला शिकेल म्हणून उचलून फेकलेले पिल्लू कित्येकदा आयुष्यभर काठावर रेंगाळते. पुढच्या पायांनी पाणी थापटणे सुरुवातीला सर्रास दिसते, कारण मागचा भाग खाली लोंबतो. रोज थोडे लांब पोहणे वाढवले की शरीर आडवे होते आणि थापटणे थांबते.

पाण्याजवळच्या दोन खोडी आधीच ओळखाव्यात. पहिली, सरळ पोहण्याऐवजी काठाने वळसा घालून धावणे. बंपर काठाला समांतर टाकल्याने ती लागते. पहिले काही आठवडे तो काठाशी काटकोनात, मोकळ्या पाण्यात टाकावा. दुसरी, बाहेर येताच बंपर खाली टाकून अंग झाडणे आणि मग तो विसरणे. यासाठी सुरुवातीला पाण्याच्या कडेलाच उभे राहून, अंग झाडण्याआधी बंपर हातात घ्यावा. मग रोज एकेक मीटर मागे सरकावे. हंगामात या एका सवयीवर जखमी बदक हाती लागणे किंवा निसटणे अवलंबून असते.

मार्क : पडताना पाहिलेल्या वस्तूला ‘मार्क’ म्हणतात. मदतनिसाने ३०-४० मीटरवर उभे राहून, हाक देऊन, बंपर उंच कमानीत टाकायचा. शिकवणाराच बंपर टाकत असेल तर पिल्लू दूरवर पाहायला शिकत नाही, हे बहुतेक एकट्या शिकवणाऱ्यांच्या लक्षात उशिरा येते. बंपर पांढरा किंवा काळा-पांढरा असावा. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, पण केशरी त्याच्या डोळ्याला हिरवळीत मिसळून जातो. म्हणून केशरी बंपर न पाहिलेल्या पक्ष्याच्या सरावासाठी राखून ठेवतात. बंपर पडलेल्या जागेकडून वारा पिल्लाकडे यावा, म्हणजे डोळा चुकला तरी नाक सावरते. आठव्या महिन्यापर्यंत कापलेल्या गवतावर ८०-१०० मीटर, उंच गवतात ४० मीटर आणि पाण्यावर ५० मीटर एवढी मजल गाठली तर छान. एका वेळी दोन पक्षी लक्षात ठेवणे, हाताच्या खुणेने डावी-उजवीकडे जाणे, हे पहिल्या हंगामासाठी लागत नाही. ते येत नाही म्हणून घाबरू नये.

थांबून राहणे : पक्षी पडला तरी आज्ञा मिळेपर्यंत न हलणाऱ्या कुत्र्याला ‘स्टेडी’ म्हणतात, आणि आज्ञेआधी सुटला तर तो ‘ब्रेक’ झाला म्हणतात. सुटलेला कुत्रा बंदुकीच्या नळीसमोर येऊ शकतो, म्हणून यात सूट नाही. पण घाईही नको. पाच-सहा महिन्यांपर्यंत पिल्लाला लगेच सोडावे. फार लवकर रोखले तर धावण्याची भूकच मरते. त्यानंतर गळपट्ट्यातून दुहेरी ओवलेला दोर हातात ठेवून, बंपर पडल्यावर आधी एक, मग पाच, मग दहा सेकंद थांबवून, नाव घेऊन सोडावे. चांगल्या सरावात टाकलेल्या बंपरपैकी जवळजवळ निम्मे माणूसच चालत जाऊन उचलतो आणि पिल्लू बसून पाहते. प्रत्येक पडलेली वस्तू आपली नाही, हे त्याला तेव्हाच पटते. लपणात कुईकुई करणारा कुत्रा बहुधा याच धड्याला मुकलेला असतो.

बंदूक आणि पक्षी : दोन्ही वेगवेगळ्या दिवशी. पिसांची ओळख बंपरला बदकाचा पंख चिकटपट्टीने बांधून सुरू होते, मग मेलेले कबुतर, मग बर्फातून काढून मऊ झालेले बदक. दगडासारखा गोठलेला पक्षी दिला तर पिल्लू चघळायला बसते. बदक साधारण किलोभर भरते. कॅनडा गूज हा हंस तीन ते सहा किलोंचा, आणि जखमी असला तर पंखाने पिल्लाला चांगलेच झोडपतो. पहिल्या वर्षी हंस नकोच.

आवाजासाठी मदतनीस १०० मीटरवर आवाजाचे पिस्तूल (गोळी न सुटता नुसता बार होणारे) घेऊन उभा राहतो आणि पिल्लू बंपरमागे पूर्ण वेगात असताना एकदाच बार काढतो. शेपूट खाली गेली, वळून पाहिले किंवा वेग मंदावला, तर त्या दिवशी थांबून पुढच्या वेळी अंतर वाढवायचे. काहीच फरक पडला नाही तर दोन-तीन आठवड्यांत २० मीटरपर्यंत आणि मग छऱ्याच्या बंदुकीपर्यंत यायचे. ‘सवय होईल’ म्हणून नेमबाजीच्या मैदानावर बांधून ठेवलेले पिल्लू बंदुकीला कायमचे बिचकते. ही भीती जन्मजात क्वचितच असते. ती बहुधा माणसाने घातलेली असते.

नकली बदके आधी हिरवळीवर मांडावीत, मध्ये दोन-दोन मीटर जागा ठेवून. पिल्लाला त्यांच्यामधून चालवावे, हुंगले तर ‘नाही’ म्हणावे, मग बंपर त्यांच्या पलीकडे टाकावा. तेच उथळ पाण्यात. तिथे नकली बदके जागी धरणाऱ्या वजनांच्या दोऱ्या पायात अडकतात. एकदा अडकलेले पिल्लू पुढे त्या बाजूला पोहत नाही, म्हणून पहिल्या वेळी दोऱ्या आखूड ठेवाव्यात. नाव, लपण आणि बसण्याची फळी यांचाही घरामागे सराव करावा. फळीवर अर्धा तास नुसते बसणे हा त्यातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी भाग.

पहिल्या फेऱ्या : कुत्रा सांभाळणाऱ्याने पहिल्या दोन-तीन वेळा बंदूक आणूच नये, दोन्हीकडे लक्ष राहत नाही. बरोबर एकच शिकारी, तोही कुत्र्यामुळे बदक सोडून द्यायची तयारी असलेला. पिल्लू नळीच्या टोकाच्या मागे, आडोशाला बसवावे. ३०-४० मीटरच्या आत मोकळ्या पाण्यात मेलेले पडलेले बदकच त्याला द्यावे. पाण्यात बुडी मारणारे जखमी बदक जाणत्या कुत्र्यासाठी किंवा दुसऱ्या काडतुसासाठी. दोन ते चार पक्षी किंवा दोन तास, जे आधी होईल ते. बर्फाची कड असलेल्या पाण्यात आणि वाहत्या नदीत पहिल्या वर्षी अजिबात सोडू नये.

थंडीत तीन ते पाच मिलिमीटर जाडीचे निओप्रीनचे जाकीट घालतात. ते सैल असेल तर काखेत सोलवटते आणि फांदीत अडकते. पोट भरलेल्या अवस्थेत धावल्याने जठर फिरण्याचा धोका असतो, म्हणून मुख्य जेवण आदल्या संध्याकाळी आणि पहाटे फार तर घासभर. थरथर थांबून चाल अडखळू लागली तर ती सुधारणा नसून शरीराचे तापमान घसरल्याचे लक्षण आहे. सरावात लागोपाठ पाण्यातल्या फेका देताना पोट फुगणे, उलटी आणि झोकांड्या दिसल्या, तर जादा पाणी गिळल्याने रक्तातले सोडियम घटलेले असू शकते. काही तासांत जीव जाऊ शकतो, तेव्हा थेट पशुवैद्याकडे. दुसऱ्या दिवशी शेपूट काठीसारखी खाली लोंबत असेल, तर ती थंड पाण्याने आखडलेली असते आणि काही दिवसांच्या विश्रांतीने सावरते. लॅब्रॅडॉरमध्ये जोराच्या कामानंतर मागचे पाय कोसळण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. त्याचे जनुक २००८ मध्ये ओळखले गेले आणि चाचणी उपलब्ध आहे, तेव्हा पिल्लू घेतानाच आई-बापांचे निकाल पाहावेत.

दोन-तीन शिकारींनंतर थांबून राहणे हमखास ढिले पडते, कारण खऱ्या बदकापुढे आज्ञेचा विसर पडतो. अशा वेळी पुढची शिकार रद्द करून एक सकाळ फक्त दोर, नकली बदके आणि आवाजाच्या पिस्तुलाला द्यावी, आणि त्या दिवशी टाकलेला प्रत्येक बंपर माणसानेच उचलावा.