दह्याच्या भाऊबंदांची राखण

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की लघवीला जळजळ होण्याच्या तक्रारी वाढतात. बर्डीच्या बाजारात जायचं, मध्येच लघवी लागली तर काय, म्हणून कितीतरी बायका पाणीच टाळतात. नेमकं तेव्हाच ‘संभोगाने बायकांची रोगप्रतिकारशक्ती वाढते’ असा मजकूर मोबाइलवर फिरतो. प्रतिकारशक्ती म्हणजे काही पाण्याची टाकी नव्हे, भरली की झालं असं समजायला. योनीची तर स्वतःची राखण आहे, आणि ती अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या जोरावर चालते.

इस्ट्रोजेनमुळे योनीचं अस्तर जाड होतं आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन साठतं. ही साखरेच्या रेणूंची फांद्या फुटलेली साखळी. वरच्या पेशी सतत गळतात, फुटतात. मग स्रावातलं अमायलेज, म्हणजे लाळेत असतं त्याच जातीचं विकर, त्या साखळीचे तुकडे पाडतं. हे तुकडे लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचं खाद्य. दही लावणाऱ्या जिवाणूंचे हे भाऊबंद लॅक्टिक आम्ल सोडतात आणि सामू, म्हणजे pH (आकडा जितका कमी तितकं आंबट), ३.५ ते ४.५ वर आणून ठेवतात. एवढ्या आंबटात उपद्रवी जिवाणूंना पाय रोवता येत नाहीत.

वीर्याचा सामू मात्र ७.२ ते ८. त्यामुळे संभोगानंतर काही तास आंबटपणा उतरतो. शिवाय घर्षणाने गुदद्वाराजवळचे ई. कोलाय हे आतड्यातले जिवाणू मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतात, आणि स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा. म्हणून संभोगानंतर लघवीला जाऊन यावं. निरोध वापरल्यास वीर्य आत येत नाही, पण शुक्रजंतुनाशक लावलेला निरोध नको. ते रसायन लॅक्टोबॅसिलसही मारतं. पाळीच्या रक्तानेही सामू वर जातो. हे साधं रसायनशास्त्र आहे, यात विटाळ कुठून आला?

साबण, जंतुनाशक, सुगंधी वॉश यांनी योनी आतून कधीच धुऊ नये. राखणदारच वाहून जातात. बाहेरून साधं पाणी पुरतं.

पाळी कायमची गेल्यावर इस्ट्रोजेन आटतं, ग्लायकोजेन घटतं, सामू ५ च्या वर जातो. या वयात लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञ योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देतात : बहुधा पहिले २ आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर ते आधी सांगावं. आणि जळजळीसोबत थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली पाठीत दुखू लागलं, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.