रेड रोडवरची विमानं

कलकत्त्याच्या मैदानातून जाणारा रेड रोड आज ओळखला जातो तो प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी. दुसऱ्या महायुद्धात हीच सडक धावपट्टी होती. हरिकेन लढाऊ विमानं इथूनच उडायची आणि इथेच उतरायची. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधोमध फुगीर, कडांना उतरता. त्यामुळे उतरताना विमान सरळ ठेवणं ही कसोटीच होती. पलीकडेच चौरंगी, म्हणजे शहराचा ऐन मध्य.

ही वेळ आली मार्च १९४२ मध्ये रंगून पडल्यामुळे. ब्रह्मदेशातले विमानतळ जपान्यांच्या हाती गेले आणि कलकत्त्याची गोदी त्यांच्या बॉम्बफेकी विमानांच्या टप्प्यात आली. २० डिसेंबर १९४२ च्या रात्री पहिला हल्ला झाला. पुढच्या काही दिवसांत बॉम्ब पडत राहिले आणि लाखो माणसांनी शहर सोडलं.

हरिकेन दिवसा कामाचं. रात्री मात्र वैमानिकाची सारी भिस्त स्वतःच्या डोळ्यांवर. जानेवारी १९४३ मध्ये १७६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची ब्यूफायटर विमानं आली आणि चित्र पालटलं. त्यांच्यात रडार बसवलेलं होतं. मागे बसलेला सोबती पडद्यावर नजर ठेवून डावीकडे, उजवीकडे, जरा वर असं सांगत राही आणि वैमानिक अंधारात त्या आवाजामागे जाई. १५ जानेवारीच्या रात्री फ्लाइट सार्जंट प्रिंग यांनी काही मिनिटांत तीन विमानं पाडली. चारच दिवसांनी ऑस्ट्रेलियन वैमानिक क्रॉम्बी यांनी स्वतःच्या विमानाचं एक इंजिन पेटलेलं असताना हल्ला चालू ठेवला. या यशात मागच्या सोबत्याचा वाटा निम्मा तरी मानायला हवा. नाव मात्र वैमानिकाचंच मागे उरलं. त्यानंतर रात्रीचे हल्ले थांबले. तरी धास्ती गेली नव्हती: फेब्रुवारीत नवा हावडा पूल खुला झाला, तो गाजावाजा न करता.

५ डिसेंबर १९४३ ला जपानी विमानं भरदुपारी आली. पहिल्या लाटेशी झुंजून हरिकेन इंधन भरायला उतरली आणि दुसरी लाट येऊन ठेपली. खिदिरपूर गोदीत शेकडो माणसं मेली, त्यात बहुतेक गोदी कामगार. बंगालमध्ये तेव्हा दुष्काळाने माणसं मरत होती. त्या वर्षात हे मरण वेगळं मोजायलाही फारसं कुणी उरलं नाही. रात्रीच्या लढाईत नाव कमावलेले प्रिंग त्या दुपारी हरिकेन घेऊन वर गेले होते. ते परतले नाहीत.